डिसेंबरात पंखा चालू आहे, मग तंबूत स्लीपिंग बॅग कशाला?

‘ताई, आम्ही नाशिकरोडला राहतो. नाताळच्या सुट्टीत चार घरं मिळून भंडारदऱ्याला धरणाच्या काठी दोन रात्री तंबूत राहायचं ठरलंय. पण यंदा थंडीचा पत्ताच नाही. डिसेंबरचा तिसरा आठवडा आला तरी रात्री पंखा लागतो, स्वेटर काढले तसेच कपाटावर पडून आहेत. आमचे हे म्हणतात, स्लीपिंग बॅगांचं भाडं कशाला भरायचं, माणशी दोन चादरी पुरतील. सासूबाई म्हणतात, अशा रोगट हवेत लेकरांना उघड्यावर नेऊच नका. धाकटा ८ वर्षांचा आहे, त्याला मधूनमधून धाप लागते, पंप घ्यावा लागतो. तिकडे निफाड तालुक्यात नानांची, म्हणजे सासऱ्यांची, द्राक्षबाग आहे. या ढगाळ हवेमुळे ते रोज काळजीत, फवारण्यांवर फवारण्या चालू. अशात आपण मजा करायला जायचं, हे मनाला लागतं. डिंकाचे लाडूही करून ठेवलेत, ते या हवेत उष्ण पडतील का? जावं की नाही, आणि गेलोच तर काय न्यावं?’
– एक वाचक, नाशिकरोड

नमस्कार ताई,

जा. पण दोन चादरींवर जाऊ नका, आणि तारीख पक्की करण्याआधी नानांना एक फोन करा. तुमच्या घरात या प्रश्नाचा खरा जाणकार तेच आहेत. का, ते सांगते.

यंदाची ही ऊब आली कुठून? उत्तरेत एकामागून एक पश्चिमी झंझावात, म्हणजे भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या वादळी हवेच्या लाटा, येत राहिले की आपल्याकडे येणारे उत्तरेचे कोरडे वारे अडतात. समुद्राकडची दमट हवा आत येते, आभाळ भरून राहतं. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशात सोडत असते. वर ढग असले की त्यातली बरीचशी उष्णता परत खाली येते, म्हणजे गावावर गोधडीच पांघरलेली असते. म्हणून तुमच्या घरी पंखा लागतोय. पण झंझावात पुढे सरकला, वारा फिरला आणि आभाळ मोकळं झालं की ही गोधडी एका रात्रीत निघते. नाशकात राहणाऱ्या माणसाला हे नवं नाही. काल रात्री पंखा होता आणि आज पहाटे कानटोपी शोधतोय, असे डिसेंबर आपण सगळ्यांनी पाहिलेत. २०२४ च्या डिसेंबरातच बघा ना. महिन्याच्या मध्याला कडाका होता, आणि शेवटच्या आठवड्यात ढग आणि अवकाळी पाऊस. असं उलटंसुलटं कुठल्याही क्रमाने होऊ शकतं. तुम्ही बुकिंग आज करणार आणि जाणार आठ दिवसांनी. आजच्या पंख्यावरून त्या रात्रीचं पांघरूण ठरवणं मला पटत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. बातम्यांत जे किमान तापमान सांगतात, ते जमिनीपासून चारेक फूट उंचीवर, झरोक्याच्या लाकडी पेटीत ठेवलेल्या तापमापकाचं असतं. तुम्ही झोपणार जमिनीवर. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा त्या पेटीतल्या हवेपेक्षा काही अंशांनी गार असते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्यात हिमकण दिसल्याची बातमी बहुतेक हिवाळ्यांत येते. त्याच पहाटे गावातला पारा शून्याच्या बराच वर असतो, तरी सखल भागात गवतावरचं दव गोठतं. गार हवा जड असते, ती उतारावरून वाहत येऊन खोलगट जागी साठते. निफाडचंही तेच. नाशिक शहरापासून फार लांब नाही, उंचीतही मोठा फरक नाही, पण कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा शहराच्या खाली उतरलेला असतो. शहरात सिमेंट-डांबर दिवसाची उष्णता धरून ठेवतं, तिकडे उघडं रान आहे.

आता नानांचं बघा. स्वच्छ आभाळाची रात्र आणि ढगाळ रात्र यांतला फरक द्राक्षवाल्याइतका कोणाला कळतो? ढगाळ हवा, पानावर ओल म्हणजे डाउनी आणि भुरी या वेलीच्या रोगांची भीती. आभाळ फाकून पारा घसरला तर मण्यांची फुगवण थांबते, पाणी उतरलेल्या, म्हणजे मणी पिकायला लागलेल्या बागेत मणी तडकतात. म्हणून कडाक्याच्या पहाटे निफाडकडचे शेतकरी बागेत शेकोट्या पेटवतात, ड्रिप सोडतात, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. संध्याकाळी वारा कुठून आहे, दव कधी धरतंय, चांदण्या किती लख्ख आहेत, हे ते रोज बघतात. तुमच्या यजमानांना माझ्या सल्ल्यापेक्षा वडिलांचा शब्द लवकर पटेल. ‘नाना, या हवेत उघड्या रानात दोन चादरींवर झोपू का?’ एवढंच विचारू द्या त्यांना.

भंडारदऱ्याची जागा कशी आहे ते लक्षात घ्या. १९२६ साली पूर्ण झालेलं हे धरण प्रवरेवर आहे, आणि जलाशयाच्या चहूकडे डोंगर: रतनगडाचा एका बाजूला, कळसूबाईची रांग दुसऱ्या बाजूला. सगळ्या उतारांवरची गार हवा रात्री ओढ्याओढ्याने खाली येते. डिसेंबरात भात काढून झालेला असतो आणि काठच्या गावांत तंबू लागतात ते बहुतेक भाताच्या मोकळ्या खाचरांत. खाचर म्हणजे मुद्दाम पाणी साठवायला केलेली सपाट, बांधाने वेढलेली जागा. जिथे पाणी साठतं तिथे गार हवाही साठते. त्यामुळे जागा निवडायला मिळाली तर सगळ्यात खालचं, पाण्याला चिकटलेलं खाचर घेऊ नका, फोटो तिथूनच सुंदर येत असले तरी. दोन-तीन खाचरं वर चढा, बांधाच्या किंवा झुडपांच्या आडोशाला या. वरच्या जागी दव कमी, डास कमी, आणि पहाटे ऊन लवकर अंगावर येतं. तंबूचं तोंड पूर्वेला करून घ्या. खाचरात भाताची धसकटं उभी असतात. ती पातळ तळातून पाठीला टोचतात आणि भाड्याच्या तंबूचा तळ फाडतातही. तंबू ठोकण्याआधी तेवढी जागा विळ्याने साफ करून मागा. गावातली मंडळी हे आनंदाने करतात, फक्त अंधार पडल्यावर सांगू नका.

पांघरुणाआधी अंथरुणाचा विचार करा. लोक चुकतात ते इथे. वर तीन पांघरुणं घेतात आणि खाली एक सतरंजी. अंगाची ऊब जमीन खेचून घेते, पाठ गार पडली की वरचं कितीही जाड असो, झोप लागत नाही. आणि पांघरुणातला कापूस पाठीखाली दबला की त्यातली हवा जाते, ऊबही जाते. म्हणून माणशी एक फोमची मॅट हवीच. ट्रेकवाले जिला कॅरीमॅट म्हणतात ती. भात झोडून झालेला असल्याने गावात पेंढा असतो. तंबूखाली पेंढ्याचा जाड थर, त्यावर ताडपत्री, मग तंबू, अशी रचना फार छान ऊब देते. पेंढ्याचे पैसे मात्र द्या. तो त्यांच्या गुरांचा वर्षभराचा चारा आहे. फक्त धाकटा ज्या तंबूत झोपेल तिथे पेंढा नको, त्याची धूळ धापेच्या मुलाला त्रास देते. त्याला दोन मॅट एकावर एक द्या.

स्लीपिंग बॅग भाड्याने घ्याच. तिच्यावर दोन-तीन तापमानं छापलेली असतात. त्यातलं ‘कम्फर्ट’ लिहिलेलं बघा. ‘एक्स्ट्रीम’च्या आकड्यावर जाऊ नका, त्या तापमानात माणूस कसाबसा तग धरतो, झोपत नाही. कम्फर्ट ५ ते १० अंश असलेली बॅग तुम्हाला पुरेल. उबदार रात्र असली तर चेन उघडून पांघरुणासारखी अंगावर घ्या, पाय बाहेर ठेवा. जास्त पांघरूण काढता येतं, पण रात्री दोन वाजता नसलेलं पांघरूण आणता येत नाही. भाड्याच्या बॅगा घेताना नाशकातच उघडून बघा: चेन वर-खाली जाते का, आत कापूस एका कोपऱ्यात गोळा झालाय का, दमट वास येतो का. घरची एक जुनी सुती चादर दुमडून पिशवीसारखी शिवली की आत घालता येते, स्वच्छतेची चिंता मिटते. यजमानांच्या चादरींचा असा उपयोग झाला तर त्यांचंही मन राहील. घरच्या गोधड्या गाडीत जागा असेल तर जरूर न्या, पण त्या दव पितात आणि दुसऱ्या दिवशी ऊन मिळालं नाही तर ओल्याच राहतात, एवढं ध्यानात ठेवा.

कपड्यांचं थोडक्यात. दिवसभर उन्हात फिरून घामेजलेला सुती बनियन अंगात ठेवून झोपू नका. सूर्य मावळायच्या आत सगळ्यांनी, लहान मुलांनी तर नक्कीच, आतून बाहेरून कोरडे कपडे घालायचे. झोपायचे पायमोजे वेगळे ठेवायचे, ते दिवसा पायात घालायचेच नाहीत. कानटोपी प्रत्येकाची. स्वेटर एक जाड नेण्यापेक्षा दोन पातळ न्या, म्हणजे हवेप्रमाणे चढवता-उतरवता येतात.

संध्याकाळी जेवणाआधी एक काम करा. गवतावर हात फिरवा. आठ-नऊच्या सुमारासच तळवा ओला झाला, वारा पडलेला आहे, चांदण्या लख्ख आहेत, तर पहाट कडक जाणार. मुलांना तेव्हाच जास्तीचा थर चढवा, झोपेतून उठवून नको. आभाळ झाकोळलेलं आणि गवत कोरडं असेल तर निवांत. तंबूच्या वरच्या झडपा मात्र दोन्ही वेळी उघड्या ठेवा. चार माणसांच्या श्वासाची वाफ आतल्या कापडाला लागून पाणी होतं, आणि पहाटे ते थेंब अंगावर पडायला लागतात. मग लोक म्हणतात तंबू गळतो.

सासूबाईंचं म्हणणं मी बाजूला सारणार नाही. थंडीने सर्दी ‘होते’ असं नाही, ती विषाणूंनी होते. पण धाप लागणाऱ्या मुलाच्या बाबतीत त्यांची काळजी रास्त आहे: दिवसा ऊन, पहाटे एकदम गार हवा, वर शेकोटीचा धूर. ही तिन्ही त्याच्या छातीला त्रास देणारी आहेत. निघण्याआधी त्याच्या डॉक्टरांना भेटा, सहलीचं सांगा, नेहमीचं औषध आणि धाप वाढली तर काय करायचं हे कागदावर लिहून घ्या. पंप आणि त्यासोबतची नळी गाडीत ठेवू नका, रात्री तुमच्या उशाशी, पांघरुणात ठेवा. पंप फार गार झाला तर औषध नीट फवारलं जात नाही. शेकोटीला त्याची जागा वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे धूर त्याच्याकडे येणार नाही अशी. धूर फिरत असेल तर त्याला घेऊन सरळ उठा, बाकीच्यांना काय वाटेल हा विचार नको. राजूर किंवा घोटीचा दवाखाना तुमच्या जागेपासून किती वेळात गाठता येतो, हे दिवसाउजेडी बघून ठेवा. आणि चार घरांत मिळून शेंडीत किंवा ज्या गावात राहाल तिथे एक पक्की खोली दोन्ही रात्री घेऊन ठेवा. मुलाला बरं वाटेनासं झालं, पाऊस आला, कुणाची पाठ धरली, तर जायला छप्पर असतं. सासूबाईंना ‘खोली घेतली आहे’ हे सांगा. त्यांचा विरोध बराच निवळेल असं मला वाटतं, आणि नाही निवळला तरी त्यांची भीती तुम्ही ऐकली हे त्यांना कळेल.

एक गोष्ट मी अगदी ठासून सांगते. निखारे, शेगडी, बार्बेक्यूची पेटी, पेट्रोमॅक्स, काहीही पेटलेलं तंबूच्या आत न्यायचं नाही. विझत आलेल्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. ‘जरा ऊब येईल, मग बाहेर ठेवू’ असं म्हणून आत नेलेल्या शेगडीने दर हिवाळ्यात देशात कुठे ना कुठे माणसं जातात. ऊब हवी असेल तर गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून पायाशी ठेवा.

शेकोटी गावकऱ्यांच्या शेतात, त्यांना विचारून, आधीच केलेल्या जागी. हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे. अभयारण्याच्या हद्दीत आग पेटवणं कायद्याने गुन्हा आहे, आणि डिसेंबरात गवत असं वाळलेलं असतं की एका ठिणगीने डोंगर पेटतो. रतनगडावर चढायचा विचार असेल तर कड्याला आग्या मोहळं असतात. खाली धूर करू नका, उग्र अत्तर लावून जाऊ नका.

आता ऊबदार हवेचे धोके. याबद्दल कुणी बोलत नाही, आणि मला तुमच्या सहलीत थंडीपेक्षा त्यांचीच जास्त काळजी आहे. पहिला धोका पाण्याचा. कडाक्याच्या हिवाळ्यात भंडारदऱ्याच्या पाण्यात कुणी उतरत नाही. पण दुपारी ऊन तापलं, मुलं घामाघूम झाली की समोरचं निळं पाणी बोलावतं. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असतं आणि रब्बीच्या पिकांसाठी पाण्याचं आवर्तन सुटलं की पाणी मागे सरतं. काठावर उघडा पडलेला गाळ वरून सुकलेला दिसतो, आत मऊ असतो, पाय रुतला की निघत नाही. पाण्याखाली तळ एकसारखा उतरत जात नाही, गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल छातीइतक्या पाण्यात पडू शकतं. वरचं पाणी कोमट लागलं तरी खालचं गार असू शकतं. पोहता येणारा माणूसही अचानक गार पाण्यात धाप लागून पाणी पितो. तेव्हा नियम एकच: पाण्यात उतरायचं नाही, मोठ्यांनीही नाही. मोठे उतरले की मुलं उतरतातच. चार घरांतल्या एकेका मोठ्या माणसाने पाळी लावून मुलांकडे लक्ष द्यायचं, आणि पाळी असलेल्याने तेवढा वेळ फोन हातात घ्यायचा नाही. होडीत बसलात तर लाइफ जॅकेट आणि त्याचे पट्टे लावलेले.

दुसरा धोका सरपटणाऱ्यांचा. कडक थंडीत साप-विंचू फारसे हालचाल करत नाहीत, उबदार रात्री करतात. घोणस तर हिवाळ्यातही वावरते, तिचा मिलनाचा काळच हा आहे. भाताच्या खाचरात उंदीर, उंदरामागे साप. तंबूची चेन कायम बंद, बूट आत किंवा पिशवीत, घालण्याआधी झटकून. रात्री लघवीला जाताना प्रत्येकाच्या हातात बॅटरी, पायात बूट. चप्पल नको. चावलंच काही तर चिरणं नाही, बांधणं नाही, चोखणं नाही, कुणा मांत्रिक-भगताकडे नेणं नाही. पाय हलवू न देता माणसाला निजवायचं, १०८ ला फोन, आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागायचं.

तिसरी गोष्ट जेवणाची. थंडी आहे म्हणून चिकन मसाला लावून सकाळपासून डिकीत ठेवायची अनेकांची सवय असते. या हवेत ते दुपारपर्यंत नासतं. पनीर, दही, उकडलेली अंडी, सगळ्यांचं तेच. गावातल्या घरी पिठलं-भाकरी, ठेचा, वरईचा भात सांगा. ताजं, गरम, आणि सात वाजता जेवायचं.

पाऊस. ढगाळ डिसेंबर म्हणजे अवकाळीची शक्यता. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी निफाड तालुक्यात गारपिटीने बागा झोडपल्या होत्या, तुमच्या घराला ते सांगायला नको. काठावरचे भाड्याचे तंबू बऱ्याचदा एकाच कापडाचे असतात, ते पावसाला टिकत नाहीत. वर वेगळं आवरण असलेला तंबू आहे का, हे आधी विचारा. विजा चमकायला लागल्या तर तंबूत आणि झाडाखाली थांबू नका, गाडीत किंवा पक्क्या घरात जा. ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये घालून ठेवा, आसपास वीज पडतेय का ते कळतं.

आता घरचं थोडं. डिंकाचे लाडू बिनधास्त खा. भूक थंडीत जेवढी लागते तेवढी या हवेत लागत नाही, म्हणून दिवसाला एकाऐवजी अर्धा, एवढंच. डबा कोरडा ठेवा, दमट हवेत तुपाच्या लाडवाला लवकर खवट वास येतो. स्वेटर परत पेटीत टाकू नका, एकदा ऊन दाखवून हाताशी ठेवा. रात्री पंखा लागतो तो पहाटे बंद होईल असं करा, म्हातारी माणसं आणि लहान मुलं चारच्या गारठ्यात पंख्याखाली उघडी पडलेली असतात. गच्चीवरच्या कुंड्या, कूलरची टाकी, टायर यांतलं पाणी ओता. एरवी थंडीत डेंग्यूचे डास कमी होतात, अशा हवेत ते टिकून राहतात. आणि वारा नसलेल्या ढगाळ सकाळी धूर-धूळ खालीच तरंगत असते, धाकट्याला त्या वेळी सायकल खेळायला सोडू नका, नऊनंतर सोडा.

राहिला तुमच्या मनाला लागणारा प्रश्न. ताई, तुम्ही घरी बसून राहिलात तर ढग हटणार नाहीत. पण मनाला लागतंय, त्यात काही चूक आहे असंही मला वाटत नाही. बागेवर वर्षाचं घर चालतं, आणि नाना एकटे आभाळाकडे बघत बसलेत. तेव्हा सहल रद्द करू नका, ती बागेच्या कामाशी जुळवून घ्या. हवामान खात्याचा जिल्हावार अंदाज काही दिवस आधी मिळतो. निघायच्या चार दिवस आधीपासून नाशिक आणि अहिल्यानगर, दोन्ही जिल्ह्यांचा बघा, कारण बाग नाशिक जिल्ह्यात आणि भंडारदरा अहिल्यानगरमध्ये अकोले तालुक्यात. त्या दोन रात्रींसाठी विजा-पावसाचा इशारा असेल, मग तो पिवळा का असेना, तर सहल पुढे ढकला. त्या रात्री तंबूत राहणं धोक्याचं, आणि पाऊस उघडल्याबरोबर बागेत फवारणीला माणूस लागेल तेव्हा तुमचे यजमान तिकडे पाहिजेत. इशारा नसेल तर निर्धास्त जा. आभाळ मोकळं व्हायचा अंदाज असेल तर नानांची काळजी वेगळी असेल, तडकण्याची. अशा रात्री पहाटे उठून शेकोट्या-ड्रिप बघायला त्यांना सोबत कोण आहे, हे निघण्याआधी विचारून घ्या. गडी नसेल तर एखाद्या नातलगाला सांगून ठेवा.

शक्यतो ३१ तारीख टाळा. त्या रात्री काठावर गर्दी, मोठ्याने गाणी, दारू. लहान मुलं घेऊन राहायची ती रात्र नाही. २६-२७ किंवा सुट्टीतले आठवड्याच्या मधले दिवस बघा, दरही कमी मिळतो. आगाऊ पैसे भरण्याआधी ‘हवेमुळे तारीख बदलली तर चालेल का’ हे विचारून, शक्य तर मेसेजवर लिहून घ्या. आणि परतीच्या दिवशी घोटीहून घरी न जाता मुलांसकट सरळ निफाडला जा. दुपारची जेवणं नानांकडे करा, एक दिवस फवारणीच्या ब्लोअरवर यजमानांना बसू द्या. नानांनाही त्या दिवशी जरा उसंत मिळेल.